टंचाई शाखेतला दर्यावर्दी

२८ ऑक्टोबर १९७६, गुरुवार. जत.

आज अंजनाला बघायला मलकापूरचे लोक येऊन गेले. बायकोच्या, म्हणजे राहीच्या, माहेरच्या ओळखीतले. मुलगा अर्जुन मोहिते. उंच, सरळ, नेव्हीत आहे. पोहे खाऊन झाल्यावर स्वतःची बशी स्वतः उचलून आत नेऊन दिली. माझी आई एवढ्यावरच खूश. राही आधीपासूनच खूश. अंजनाने मान वर करून त्याच्याकडे दोनदा पाहिलं, असं आईचं म्हणणं. मी पाहिलं नाही. मी त्याला पोस्टिंग विचारत होतो.

पोस्टिंग पोर्ट ब्लेअर. अंदमान!

लग्नानंतर क्वार्टर मिळतं म्हणे. मद्रासहून बोट. हवा चांगली असली तर तीन-चार दिवस. हवा वाईट असली तर काय होतं, हे विचारणार होतो, पण चहाचा ठसका लागला.

माझा विरोध नाही. मी मोकळ्या विचारांचा बाप आहे. निर्णय सर्वस्वी अंजनाचा. तिने सगळ्या बाजूंनी शांतपणे विचार करावा आणि नकार द्यावा.

३० ऑक्टोबर

राही म्हणते, तुमाला पान्याची भीती वाटती म्हणून तुमी तोंड पाडून बसलाय.

हा आरोप बिनबुडाचा आहे. बहात्तरच्या दुष्काळात अख्ख्या तालुक्याचे टँकर माझ्या सहीशिवाय हलत नव्हते. आजही टंचाई शाखेचा हेडक्लार्क मीच. पाणी हा माझा हातचा विषय. फक्त एकाच ठिकाणी एवढं पाणी साठलेलं मी अजून पाहिलेलं नाही, आणि साठवायचं कारणही मला समजत नाही.

राही कोयनेकाठची. सातव्या वर्षी पाठीला भोपळा बांधून नदीत उडी मारली होती, हे ती लग्न झाल्यापासून ऐकवते. मी सांगितलं, नदीला पलीकडचा काठ असतो. समुद्राचा पलीकडचा काठ परदेशात असतो. ती पदर तोंडाला लावून आत गेली. पटलं असावं.

१ नोव्हेंबर, सोमवार

मिरजेच्या लियाकतभाईंनी सागर-सहल काढली आहे. पूर्वी ते लग्नाच्या वऱ्हाडांना गाड्या ठरवून द्यायचे. आता एक मालवाहू बोट भाड्याने घेतली आहे. रत्नागिरीहून निघायचं, विजयदुर्ग, मालवण, बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला, वाळूवर आंघोळ, परत. जेवणखाण बोटीवर. कुटुंबांसाठी खास.

राही म्हणाली, जाऊ या की, समदी मिळून. अंजनाही लगेच हो म्हणाली. आई म्हणाली, मरायच्या आधी समिंदर बघते.

मी प्रथम नाही म्हणणार होतो. पण तेवढ्यात डोक्यात योजना आली. अंजनाला समुद्र दाखवायचा. हलणारी बोट, खारा वारा, आजूबाजूला जमीन नाही. पोरगी जत तालुक्याची, पावसाळ्यातसुद्धा ओढ्याला पाणी न पाहिलेली. एका दिवसात घाबरेल आणि स्वतःच म्हणेल, आप्पा, मला हे स्थळ नको. मी म्हणेन, बघ बाळ, तुझी मर्जी.

म्हणून हो म्हटलं. राहीला वाटतंय कल्पना तिची आहे. वाटू दे.

५ नोव्हेंबर

तयारी. संकल्प: (१) कुटुंबाला धीर द्यायचा. (२) स्वतः शांत राहायचं. (३) अंजनाच्या चेहऱ्यावर सतत लक्ष ठेवायचं.

सोबत: दोन पत्र्याच्या घागरी पाणी, एक कॅनव्हासची छागल. राही हसली. म्हणाली, आवं, समुद्रावर पानी घेऊन निघालाय? तिला कोण सांगणार, की पाणी जिथे जास्त दिसतं तिथे प्यायला हटकून नसतं. हा अनुभव आहे, पुस्तकी ज्ञान नाही.

आईने धनगरवाड्यातल्या बिराप्पाकडून बिरोबाचा भंडारा मागवून घेतला आहे. तो वेगळ्या पुडीत माझ्या खिशात राहील, असं मी सुचवलं. आईच्या वयाला सांभाळणं जमत नाही म्हणून.

टँकरचा ड्रायव्हर ज्ञानू विचारत होता, सायेब, पवाय येतं का? म्हटलं, प्रसंग आला की सगळं येतं. तो म्हणाला, व्हय, पर परसंग आधी येतो.

ज्ञानूची बदली कोरड्या भागात करावी म्हणतो. पण इथे ओला भाग नाही.

८ नोव्हेंबर, सोमवार. रत्नागिरी.

एसटीने हाडं खिळखिळी झाली. संध्याकाळी बंदरावर गेलो. पाहिला.

त्याला शेवट नाही.

मला वाटलं होतं मोठं तळं असतं तसं काहीसं असेल. हे तसं नाही. हे हलतं. कुणी हात न लावता आपोआप हलतं, आणि आवाज करतं. मी थोडा वेळ खाली बसलो. एसटीचा थकवा.

आईने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि म्हणाली, आपल्या वरच्या मळ्याच्या हिरीगत हाय की रं नाथा, काय वेगळं हाय? राही पदर खोचून गुडघ्यापर्यंत आत गेली. अंजना काठावर उभी राहून पाहत होती. पुष्कळ वेळ. डोळे मोठे झाले होते.

योजना लागू पडते आहे.

९ नोव्हेंबर, सकाळी

बोट धक्क्याला लागत नाही! ही गोष्ट लियाकतभाईंनी आधी सांगितली नव्हती. ती लांब उभी राहते आणि आपण होडीतून तिच्यापर्यंत जायचं. मग वर दोराची शिडी. होडी वर जाते तेव्हा शिडी खाली येते. म्हणजे पाय नेमका कधी टाकायचा, याला काही नियमच नाही.

मी सर्वांना आधी जाऊ दिलं. कुटुंबप्रमुखाचं ते कर्तव्य आहे. आई चढली. लुगड्याचा काचा मारून, पानाचा विडा तोंडात ठेवून, सत्तरीची बाई चढली. लियाकतभाई वरून ओरडले, या सायेब, कायबी हुत न्हाई, खाली बघू नका फकस्त. हे सांगितल्यावर माणूस कुठे बघणार?

त्यानंतर मी शिडीच्या मध्यावर थांबलो. किती वेळ ते माहीत नाही. दोर तपासत होतो. शेवटी अंजनाने वरून वाकून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, आप्पा, माझ्याकडं बघा. मी तिच्याकडे पाहिलं. वर आलो.

बोटीवर बुचाच्या बंड्या आहेत. बुडणाऱ्या माणसाला घालायला. मी एक घालून ठेवली. डेकवर गार वारा असतो.

९ नोव्हेंबर, दुपारी

एक खलाशी मोठ्या नळाने डेक धूत होता. धो धो पाणी. डेकवरून ओघळून वाया जात होतं. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन नळ बंद केला आणि त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, लोक घागरीसाठी दोन कोस चालतात, आणि तू पाणी असं सांडतोस? बादली घे, फडकं घे. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग समुद्राकडे. मग म्हणाला, किती पाहिजे?

सगळे हसले. राही सर्वांत जास्त. मी बंडीची गाठ घट्ट केली आणि बाजूला झालो. पाणी कुठलंही असो, शिस्त ती शिस्त.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी

पित्त. जोरात. एसटीतल्या वड्यांचं. बोटीचा काही संबंध नाही. कठडा धरून ठेवला आहे. कठडा सोडला तर डेक तिरपा होतो.

अंजनाने लिंबू आणून दिलं. आईने माझ्या खिशातून पुडी काढून समुद्रावर भंडारा उधळला, नारळ वाहिला, खणाने ओटी भरली. म्हणाली, बाई, माझ्या लेकाला सांभाळ, त्यो लय भितो. मोठ्याने. सांगलीच्या दोन कुटुंबांच्या देखत.

मी भीत नाही. फक्त अक्षर तिरपं येतं, कारण बोट हलते.

एक प्रश्न मनातून जात नाही. ही बोट अंदमानला जाणारी नाही. ही काठाकाठाने जाते, उजवीकडे पाणी असलं तरी डावीकडे जमीन दिसते. तिकडे डावीकडेही काही दिसत नाही म्हणे. उजवीकडेही नाही. तीन दिवस. माझी अंजना एकटी, एका बाकड्यावर बसलेली, आणि सगळीकडे हे.

लिंबू उलटून पडलं.

१० नोव्हेंबर, बुधवार. मालवण.

सकाळी होडीतून बेटावर. सिंधुदुर्ग. मुजरा केला. महाराजांनी समुद्रात बांधकाम का केलं असेल, हे शाळेत कधी नीट सांगितलं नव्हतं. आज कळलं, त्यांना भीती वाटत नसे.

किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूबाजूंना खारा समुद्र, आणि मधोमध गोडं पाणी! मी पोहऱ्याने काढून प्यालो. गोडच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तालुक्यात पंचवीस परस खोल खणलं तरी खडक, सरकारी बोअरला खारं, आणि इथे बेटावर, जिथे मूठभर माणसं राहतात, तिथे तीन विहिरी. मी वाटाड्याला त्यांची खोली विचारली, उन्हाळ्यात पातळी किती उतरते ते विचारलं. तेवढा वेळ समुद्र विसरलो होतो. बरं वाटलं.

महाराजांच्या मंदिरात पुजाऱ्याने विचारलं, ही बंडी कशासाठी? म्हटलं, थंडी. त्याच्या अंगावर उपरणंसुद्धा नव्हतं.

अंजना तटावर चढून बसली होती. मी खालून ओरडलो, उतर. ती म्हणाली, आप्पा, वर या, इथून लय लांबचं दिसतं. मी म्हटलं, लांबचं दिसून काय करायचंय?

१० नोव्हेंबर, संध्याकाळी. बोटीवर.

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

दुपारी वाळूवर उतरवलं. पांढरी वाळू, माडांची रांग, बायका-पोरं पाण्यात. राही आणि अंजना लुगडी खोचून आत गेल्या. मी आईजवळ बसलो, लक्ष ठेवायला. डोळा लागला नव्हता. डोळे मिटून लक्ष ठेवत होतो.

उघडले तेव्हा राही एकटी पाण्यात होती. अंजना नव्हती.

मी उभा राहिलो. लाटांच्या वर डोकं दिसतंय का पाहिलं. एक डोकं दिसलं, ते नारळ निघालं. मी हाक मारली. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, समुद्र एवढा ओरडत होता. मग काय केलं ते नीट आठवत नाही. धावलो. पाण्यात धावलो. अंजनाच्या आधीची दोन माझी पाळण्यातच गेली. ही एक राहिली. हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, आणि पायाखालची वाळू सरकली, आणि मी पडलो.

बुचाची बंडी माणसाला बुडू देत नाही, पण उभंही राहू देत नाही. मी उताणा झालो. तोंडात खारं पाणी. वर आभाळ, खाली काय होतं माहीत नाही. मी बिरोबाला हाक मारली, मग अंजनाला, मग ज्ञानूला.

पाणी गुडघ्याएवढं होतं, असं नंतर सर्वांनी सांगितलं. मला ते तसं वाटलं नाही.

अंजनाने मला मागून धरून उठवलं. ती बुडाली नव्हती. माडाखाली आजीचं लुगडं वाळत घालत होती. तिने मला वाळूवर आणलं, पदराने तोंड पुसलं. ती रडत होती. मान खाली घालून, आवाज न करता, फार वेळ रडत होती.

आता शांत झाल्यावर विचार करतो तर लक्षात येतं. पोरगी घाबरली. समुद्राने बापाला कसं लोळवलं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं. योजना यशस्वी. खर्च थोडा जास्त झाला, पण यशस्वी.

११ नोव्हेंबर, सकाळी

न्याहारीला अंजना म्हणाली, आप्पा, मलकापूरला न्हाई म्हणून कळवा. मला समुद्रापल्याड जायचं न्हाई.

मी म्हटलं, बघ बाळ, तुझी मर्जी.

जसं ठरवलं होतं तसंच घडलं. शब्दसुद्धा तेच. उपमा छान होता. तरी खाल्ला गेला नाही.

११ नोव्हेंबर, दुपारी

राही कठड्यापाशी येऊन बसली. मी म्हटलं, पोरगी घाबरली समुद्राला, बरं झालं, आत्ताच कळलं. राही म्हणाली, तिला समुद्राची कसली भीती? माझी लेक हाय ती. एका दुपारीत पवायला शिकली. तुमी डोळे मिटून बसला हुता तवा.

मग बाकीचं सांगितलं. अर्जुन तिला पसंत आहे. पहिल्या दिवसापासून. पण त्याच दिवशी ती राहीला म्हणाली होती, मला भाऊ न्हाई. पैल्या पंचमीला मला न्यायला मुराळी कोण येणार? आप्पाच येणार. आप्पा बोटीत बसू शकत असतील, तर मी व्हय म्हणते. नसतील तर न्हाई म्हणते. त्यास्नी तरास देऊन मला संसार करायचा न्हाई.

राही म्हणाली, लियाकतभाईची सहल मी त्यासाठी धरली. आवं, बघायला तिला न्हवतं आणलं. तुमाला आणलं हुतं.

एवढं बोलून ती उठून आईला पान करून द्यायला गेली.

११ नोव्हेंबर, त्यानंतर

मुराळी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

राहीला पहिल्या पंचमीला न्यायला तिचा भाऊ जतला आला होता. धोतराला चिखल, हातात शिदोरीची पाटी. राहीने त्याला लांबून पाहिलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवून धावत सुटली. मला तेव्हा थोडा रागच आला होता, की माझ्याकडे ही कधी अशी धावत आली नाही. सासरी गेलेली पोर महिनोन् महिने रस्त्याकडे बघत असते, ती त्या एका माणसासाठी. मुराळी आला नाही, तर पोरीला माहेर नाही असं लोक म्हणतात. आणि पोर झोका बांधत नाही.

पंचमी श्रावणात येते. श्रावणात समुद्र कसा असतो? खलाशाला विचारलं, नळवाल्यालाच. तो म्हणाला, श्रावणात आम्ही बोट काढत नाही. मोठ्या बोटी जातात. हा आज जो आहे ना, हा झोपलेला आहे.

हा झोपलेला आहे!

मला भीती वाटते. इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मला शिडीची वाटते, होडीची वाटते, तळ दिसत नाही त्याची वाटते. बंडी थंडीसाठी नव्हती.

पण ती रडत होती ती माझ्यासाठी. हे कळल्यापासून दुसरीच भीती वाटू लागली आहे. ती आयुष्यभर इथेच कुठेतरी, विट्याला नाहीतर कवठेमहांकाळला, मनाविरुद्ध नांदेल, आणि मी दर पंचमीला एसटीने ऐटीत तिला आणायला जाईन.

१२ नोव्हेंबर. जत.

पोचलो. जमीन हलते आहे.

दोन्ही घागरी तशाच भरलेल्या परत आल्या. आईने त्या परसातल्या लिंबाला ओतल्या.

१५ नोव्हेंबर, सोमवार

तीन दिवस शब्द जुळवत होतो. आज अंजना भाकरी थापत होती तेव्हा दारात उभा राहून म्हटलं, मलकापूरला हो म्हणून कळवतो आहे. ती वर बघेना. म्हटलं, पंचमीला न्यायला मी येईन. तेव्हा तिने वर पाहिलं. म्हणाली, बोटीनं? म्हटलं, बोटीनं. म्हणाली, शिडी असंल आप्पा. म्हटलं, असू दे.

तव्यावरची भाकरी करपली. ती मीच खाल्ली. आईने वर लोणी घातलं.

संकल्प: आजपासून रोज पोहण्याचा सराव. लिंगायताच्या मळ्यातल्या विहिरीत पाणी आहे.

२० नोव्हेंबर

विहिरीला पाणी नाही. आटली. माझा नाइलाज आहे.

२२ मे १९७७

लग्न झालं. पाहुण्यांसाठी टँकर मागवला, तो वेळेवर आला. अंजना निघताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, पंचमीला वाट बघते. म्हटलं, येतो. अर्जुनला सांगितलं, काळजी घे. तो म्हणाला, मामा, तुमीच घ्या.

१० जुलै

यंदा अधिक श्रावण! पंचमी महिनाभर पुढे गेली. देवाने मुदतवाढ दिली. या महिन्याचा उपयोग मनाची तयारी करण्यासाठी करायचा.

विमानही जातं म्हणे कलकत्त्याहून. त्यावरही विचार केला. पण विमानाच्या खालीही समुद्रच असतो, आणि वरून पडायचं.

२९ जुलै

मनाची तयारी पूर्ण. उद्या निघतो. राही म्हणाली, मी येऊ का संगं? म्हटलं, मुराळी बायकोला घेऊन जात नसतो. शिदोरी बांधली. करंज्या, शेंगदाण्याचे लाडू, अंजनाला आवडते म्हणून सुकवलेली मटकी.

राहीने माझ्या बॅगेत न विचारता लिंबं भरली. मी न विचारता राहू दिली.

३ ऑगस्ट. मद्रास, बोटीवर.

शिडी नव्हती! पायऱ्या होत्या, लोखंडी, कठडा असलेल्या. चढलो. स्वतः. मागून कुणीतरी ढकललं, पण ती गर्दी होती. आता परतीची वाट धरावी असं दोनदा वाटलं. तोवर धक्का मागे गेला.

४ ऑगस्ट

हा जागा आहे.

५ ऑगस्ट

लिंबं संपली.

६ ऑगस्ट

बिरोबा.

१० ऑगस्ट. पोर्ट ब्लेअर.

पोचलो. जिवंत. हवा वाईट होती, सात दिवस लागले. योजना अशी होती, की मी ताठ मानेने जेटीवर उतरेन, हातात शिदोरीची पाटी, आणि अंजना धावत येईल. अंजना धावत आली हे खरं. पण बोटीवर आली. अर्जुन आणि ती, दोघं मिळून मला आतून बाहेर घेऊन आले. पाटी कुणा दुसऱ्याच माणसाने धरली होती. करंज्यांचा चुरा झाला.

तरी अंजना रडत-हसत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, माझे आप्पा हायेत, मला न्यायला आलेत.

इथली बोट उद्या परत निघते. पंचमीच्या आधी जतला पोचवेन. बोललो आहे.

११ ऑगस्ट

सामान बांधून जेटीवर गेलो. अंजना नव्या लुगड्यात. बोट उभी होती. मी जेटीवर पाय ठेवला. फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसलं.

पाय पुढे गेला नाही. मी त्याला सांगितलं. खरंच सांगितलं. तो गेला नाही.

अंजनाला म्हटलं, तू जा, बाळ, ओळखीचे लोक आहेत बोटीवर. ती म्हणाली, तुमाला ठेवून? बोटीने भोंगा दिला. आम्ही तिघं बाकावर बसून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो.

अर्जुनने जतला तार केली. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही. डॉक्टर तरुण आहेत.

१९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी.

अंजनाने क्वार्टरच्या मागे दोन झाडांमध्ये झोका बांधला. शेजारच्या पंजाबी, मद्रासी बायका आल्या. पोरीची पहिली पंचमी माहेरी व्हायची ती सासरी झाली, आणि दोष माझा. मी तसं म्हटलं. ती झोक्यावरून म्हणाली, आप्पा, तुमी हायसा तर माहेरच हाय की. जोरात ढकला.

मी ढकलला. फार जोरात नाही. झोका समुद्राच्या बाजूला जातो.

संध्याकाळी तार आली, राहीची. ती घेऊन आलेल्या शेजारच्या मद्रासी कारकुनाने, मी हात पुढे करायच्या आत, वाचून दाखवली. त्याला अर्थ कळला, पण त्यातली गोम कळली नाही. बोटीत बसते आहे, तुम्हाला न्यायला येते. सोबत आई.

म्हणजे मुराळ्याला न्यायला मुराळी निघाली. हे जतमध्ये कळता कामा नये. राही बोलायची नाही. आईने एव्हाना अख्ख्या एसटीला सांगितलं असेल.

बोट मंगळवारी लागते. अर्जुन म्हणाला, मामा, तुमी घरी थांबा, मी घेऊन येतो त्यास्नी. मी ठाम नकार दिला. मी स्वतः जाणार आहे राहीला उतरवून घ्यायला. जेटीच्या टोकापर्यंत नाही. जिथे जेटी सुरू होते, तिथपर्यंत.